दुसरं नाव

कार्डाचा तिसरा नमुना मंगळवार पेठेतल्या प्रेसमधून आला, तेव्हा आक्कानं तो आधी नाकाला लावला आणि मग डोळ्यांना. शाईला पूर्वीसारखा वास राहिला नाही, एवढा निकाल देऊन ती विश्वजितच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसली, आणि ऋतुराजच्या लग्नाचं घोडं पुन्हा तिथंच अडलं जिथं मागच्या रविवारी अडलं होतं.

"मावशीच्या थोरल्या जावयाचं नाव कुठं हाय ह्यात?"

"आक्का, त्यो आपल्या तोंडाकडंबी बघत न्हाय," जोतीराम म्हणाला. तो नवऱ्या मुलाचा बाप होता, पण थोरली बहीण समोर असली की त्याचा आवाज आपोआप धाकट्या भावाचा होई.

"न्हाय बघत तर न्हाय. कार्डात नाव न्हाय म्हटल्यावर बरोबर बघंल."

विश्वजित भडंगाची बशी पुढ्यात घेऊन हसत होता. मगदुमांच्या घरात लग्न जमवणं सोपं आणि कार्ड जमवणं अवघड, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. त्याच्या स्वतःच्या लग्नात एका चुलतमामांचं नाव छापायचं राहून गेलं, तर मामा मांडवाबाहेर बुलेटवर बसून राहिले. ताट बाहेर नेलं तर म्हणाले, ज्याचं छापलंय त्याला वाढा. मामा गेले, बुलेट भंगारात गेली, पण त्या ताटाची गोष्ट प्रत्येक कार्डाच्या वेळी निघायची आणि मग सगळे मिळून आणखी चार नावं वाढवायचे.

आबांच्या वेळी असं नव्हतं. त्याचे वडील, आकाराम मगदूम, कार्डावर मोजकीच नावं घालायचे, आणि ज्याचं नाव घालायचे त्याला आदल्या दिवशी बोलावून सांगायचे, "तुझं नाव टाकलंय, तवा शेवटची पंगत उठूस्तोवर मांडव सोडायचा न्हाय." भात कमी पडला तर त्या नावाच्या माणसाला जाब. पाहुणा उपाशी गेला तरी त्यालाच. त्यामुळे काही माणसं हात जोडून सांगायची, आबा, एवढ्या बारीला आमचं नाव नको. विश्वजितला ते मांडव आठवले की आजही बरं वाटे. हळदीची बोटं लागलेली ती पिवळी कार्डं, पत्रावळ्यांचा ओला वास, आणि धोतराचा सोगा खोचून पंगतीत फिरणारे आबा. तसं उभं राहणारी माणसं आता कुणाच्या मांडवात दिसत नाहीत, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

आतल्या खोलीतून वर्षाराणी धावतच बाहेर आली. जोतीरामची मुलगी, पण अकरावीपासून शिकायला काकांकडे, आणि आता संशोधनाचं शेवटचं वर्ष.

"काका, पेपर लागला! ॲक्सेप्ट झाला!"

संयोगितानं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कुठला गं? गुळाचा?"

"गुळाचाच काकू! आणि काका, तुमचं नाव आहे. माझ्यानंतर लगेच. दुसरं!"

विश्वजितला आधी कळलंच नाही. वर्षाराणीनं फोन त्याच्या हातात दिला. इंग्रजी मथळ्याखाली तीन नावं होती. वर्षाराणी मगदूम, विश्वजित मगदूम आणि शेवटी तिच्या गाईड मॅडमचं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव तिथंच होतं.

कोल्हापूर त्याला कधीपासून प्रोफेसर म्हणत होतं. रिक्षावाले म्हणत, दूधवाला म्हणे, आक्का तर भांडतानाही ‘आमचा प्रोफेसर’ म्हणून भांडे. फक्त कॉलेजच्या कागदांवर तो अजून सहयोगी प्राध्यापकच होता. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण बढतीची फाईल दोनदा परत आली होती, आणि दोन्ही वेळा शेरा तोच: एक शोधनिबंध कमी. निवृत्ती आता दाराशी येऊन ठेपली होती. संयोगिता पदराला हात पुसत येऊन मागं उभी राहिली, आणि त्याच्या खांद्यावरून वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "आता फाईल अडवून दाखवा म्हणावं."

"दादा, पेढं आण जा!" जोतीराम ओरडला. "आक्का, त्या कार्डावर दादाच्या नावाम्होरं काय लिवायचं ते आता नीट लिव!"

"मी आधीच लिवलंय," आक्का म्हणाली. "मी काय सरकारची वाट बघतो व्हय?"

विश्वजितला इतका आनंद झाला की त्याला तो लपवतासुद्धा येईना. तो उगाच उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला.

"जर्नलनं तुम्हालाही मेल पाठवलाय," वर्षाराणी म्हणाली. "प्रत्येक लेखकाला पाठवतात. तुम्ही नेमकं काय काम केलं ते विचारतात. त्यात ‘संकल्पना’वर टिक करा, आणि ‘मसुदा तपासला’वर. झालं."

"संकल्पना माझी कशी?"

"भेंडीचं कुणी सांगितलं मला? तुम्हीच की."

सांगितलं होतं खरं. ती शाळेत असताना, दिवाळीच्या सुट्टीत गावी, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या पडक्या चुलवाणावर बसून. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की आबा रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळायचे. तो बुळबुळीत चीक रसात ओतला की सगळी घाण मळी होऊन वर यायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. खाली राहायचा तो सोन्यासारखा रस. पुढं पावडरी आल्या, भेंडी मागं पडली, आणि मग गुऱ्हाळच बंद झालं. चिपाडाच्या जाळाची ती धग, गरम काकवीचा घमघमाट, थंडीत काहिलीभोवती शेकत बसलेली सगळी भावंडं, हे सांगताना विश्वजित गहिवरला होता. पोरीनं ते लक्षात ठेवलं आणि त्यावर संशोधन मांडलं, याचं त्याला फार कौतुक होतं.

त्यानं मेल उघडला. कामांची नावं होती, समोर रिकामे चौकोन होते, आणि खाली एक वाक्य होतं: ‘या लेखातल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी मी घेतो.’ त्यानं ते वाचलं. मग जोडलेला लेख पहिल्यांदाच उघडून पाहिला. तक्ते, आलेख, रसाचा रंग, चिकाचं प्रमाण. अर्ध्याहून जास्त त्याला नवीन होतं. त्याचं बोट चौकोनावर थांबलं, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

जोया होती. वर्षाराणीची प्रयोगशाळेतली जोडीदारीण, इचलकरंजीची. लग्नातल्या मानपानाची धोतरं आक्कानं तिला यंत्रमागाच्या भावात आणायला सांगितली होती, तो गठ्ठा छातीशी धरून ती एस.टी.नं आली होती.

"ये गं बाई, ये," आक्का म्हणाली. "उन्हाचं आलीस. अब्बाची छाती कशी हाय?"

"तशीच आहे आक्का. पण आता रात्री झोप लागते त्यांना."

जोयाचे वडील गैबी मोमीन मागाच्या शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की त्यांना हाक. दम लागायला लागला तसे घरी बसले, आणि गेल्या वर्षी जोया विद्यापीठ सोडून इचलकरंजीच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली.

विश्वजितच्या आनंदाला नवा श्रोता मिळाला. "जोया, हे बघ! तुमचा गुळाचा पेपर लागला!" म्हणत त्यानं फोन तिच्यापुढं धरला. वर्षाराणी चटकन म्हणाली, "काका, ती दमून आलीय, चहा तरी—" आणि बोलता बोलता स्वतःच आत निघून गेली.

जोयानं वरून खाली वाचलं. मग पुन्हा वर गेली. पुन्हा खाली, अगदी शेवटपर्यंत.

"छान झालं सर," ती म्हणाली. "अभिनंदन तुमचं."

"तुझं न्हाय व्हय नाव?" जोतीरामनं सहज विचारलं.

"आहे की, काका. शेवटी, आभारात. ‘तांत्रिक मदत’ म्हणून." ती हसली, आणि लगेच गठ्ठ्याची गाठ सोडायला लागली. गाठ काही सुटेना.

विश्वजितनं धरलेला फोन मागं घेतला. याच फ्लॅटच्या गॅलरीत भेंडीची झाडं वाळत घालताना त्यानं दोघींना पाहिलं होतं. संयोगिताचा मिक्सर त्या चिकानं जाम झाला, तेव्हा जोयानंच तो पाना मागून घेऊन उघडला होता. वर्षाराणी परीक्षेला बसली तो सगळा हंगाम जोया एकटी गुऱ्हाळांवर रस आणायला जात होती. हे त्याला ठाऊक होतं. ती तीन नावं वाचतानाही ठाऊक होतं. नावाच्या आनंदात त्याला ते आठवलं नव्हतं, एवढंच.

तो स्वयंपाकघरात गेला. वर्षाराणी ओट्याला टेकून उभी होती. चहा उतू जायला आला होता.

"जोयाचं नाव का न्हाय?"

"मॅडम म्हणाल्या, अर्ध्यात सोडून गेली तिचं कशाला. काका, मी एकदा म्हटलं त्यांना. खरंच म्हटलं. त्या नको म्हणाल्या. मग माझ्या मनात आलं, जागा रिकामी आहेच तर..."

"तर काकाला बसवावं."

"तुमचं काय चुकलं त्यात? शिकवलं तुम्ही मला. तुमची फाईल दोनदा परत आली, तेव्हा काकू जेवली नव्हती. मी बघितलंय ते." तिचे डोळे वाहायला लागले होते. "थोरल्यांचं नाव घालतातच की. आपल्याकडं काय, सगळीकडंच घालतात."

"वर्षे, तू निबंधाला लग्नाचं कार्ड केलंस गं."

जोतीराम मागोमाग आला होता. "दादा, पोरगीनं मायेनं केलंय. चोरी न्हाय केली. आणि ती जोया काय नाराज न्हाय, बघितलंस न्हवं?"

"नाराज नसती तर गाठ सुटली असती तिच्यानं."

"आता निस्तरायला गेलास तर हिचंच घोडं अडंल. म्होरल्या महिन्यात नोकरीची मुलाखत हाय हिची. आन् तुझी फाईल?"

विश्वजितनं संयोगिताकडे पाहिलं. ती गॅस बंद करून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "कल्पना तुमचीच नव्हती का? भेंडीचं या घरात दुसऱ्या कुणाला माहीत होतं? एवढं एक तरी तुमचं असू दे की. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पोरांना पुढं ढकललंत."

हे खोटं नव्हतं. त्याला ते कबूल करावंसं वाटत होतं, आणि करून त्या चौकोनावर टिकही करावीशी वाटत होती. इतक्या सोप्या गोष्टीसाठी माणसानं किती खोल उतरायचं?

आक्का दारात येऊन उभी होती. गुडघे धरत का होईना, पण भांडणाच्या ठिकाणी ती वेळेवर पोचे.

"एक सांग विशू," ती म्हणाली. "उद्या कुनी इचारलं, ह्यात असं का लिवलंय, तर तू सांगू शकशील?"

तो पुन्हा हातातल्या फोनकडे पाहायला लागला.

"आबा काय म्हनायचं? शेवटची पंगत उठूस्तोवर उभं ऱ्हायला येत असंल, तरच नाव घाल."

"आक्का, तू तर आत्ता त्या जावयाचं घालाय निघालीस!" जोतीराम चिडून म्हणाला. "त्यो काय उभा ऱ्हाणाराय का मांडवात?"

"त्याचं घातलं तर कुनाचं निघालं न्हाय. ह्याचं घातलं तवा त्या पोरीचं निघालंय. कळतंय का तुला फरक?" आक्कानं एका दमात बाजू बदलली.

विश्वजित बाहेरच्या खोलीत आला. जोयानं गाठ सोडली होती आणि धोतरं मोजून एकावर एक रचून ठेवली होती. फ्लॅट एवढासा. तिनं सगळं ऐकलं होतं हे उघड होतं.

"सर, नको," ती उभी राहून म्हणाली. "माझ्यामुळं घरात कालवाकालव नको. आता मला त्या पेपरचा काय उपयोग? क्लासमध्ये कुणी विचारत नाही."

"बस. एक सांग मला." त्यानं फोनवर आलेख काढला. "चीक वाढवत नेला तसा रसाचा रंग सुधारत गेला. मग इथं एकदम बिघडला. का?"

जोयानं न पाहताच सांगितलं. "चीक जास्त झाला की रस दाट होतो सर, आणि मळी वर यायच्या ऐवजी आतच अडकते. आधी वाटलं, आमचंच काही चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं. मग वर्षानं भांडं बदलून बघू म्हटलं. तरी तेच. तेव्हा कुठं आमची खात्री पटली." बोलता बोलता ती फुलली. "वर्षे, आठवतं का, तू रडली होतीस त्या दिवशी?"

वर्षाराणी दाराशी आली होती. "तूच रडली होतीस," ती म्हणाली.

"दोघी रडलेलो."

दोघी हसल्या, आणि हसता हसता वर्षाराणीचा चेहरा पुन्हा पडला. ती जोयाजवळ जाऊन सतरंजीवर बसली. जोयानं तिच्या मांडीवर हात ठेवला.

विश्वजितला एकदम आपल्या भावंडांची आठवण झाली. काहिलीच्या कडेला अशीच मांडीला मांडी लावून बसायची सगळी, एकमेकांच्या वाटीतली काकवी चाटत. त्या आठवणीवर त्याचा हक्क होता. ती सांगताना आलेला गहिवरही त्याचाच होता. पण या आलेखात त्याचा एक थेंब नव्हता, आणि आयत्या बिळात जाऊन बसायचं हे त्याचं वय नव्हतं.

"वर्षा, मेल लिही," तो म्हणाला. "संपादकांना. दुसरं नाव चुकून पडलंय म्हणावं. ते काढा आणि ज्याचं आहे त्याचं घाला. माझं उत्तर मी वेगळं पाठवतो, की मी यातलं काही केलेलं नाही."

"मॅडम चिडतील."

"उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. त्यांच्यापुढं तुला एकटीला नाही सोडणार."

"आणि मुलाखत? तोवर नाहीच छापला तर?"

"तर पुढच्या मुलाखतीला जाशील. आज याच्यावर गेलीस, तर पुढं जन्मभर जोया समोरून येताना दिसली की तुला वाट बदलावी लागेल."

जोतीराम खिडकीतून खाली दुचाक्यांची गर्दी पाहत राहिला. वर्षाराणीनं फोन घेतला, पण तिचं बोट चालेना. ती संयोगिताकडे पाहत होती. तिच्या काकूला हे नाव सगळ्यात जास्त हवं होतं, आणि काकूनं नको म्हटलं असतं, तर पोरीनं मेल लिहिलाच नसता.

संयोगितानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग पुढं आली आणि तिच्यासमोर खाली बसली.

"लिही," ती म्हणाली. आवाज जरा फाटला. "माझ्याकडं बघू नको. मला आज वाईट वाटणारच आहे. तू लिही."

वर्षाराणीनं लिहायला घेतलं. मध्येच थांबून तिनं विचारलं, "जोया, तुझं नाव कसं लिहू? नुसतं जोया मोमीन?"

जोयानं विचार केला. "मध्ये अब्बांचं घाल. जोया गैबी मोमीन. पूर्ण."

विश्वजितनं आपलं उत्तर आधी पाठवलं. एका ओळीचंच होतं. ते गेलं की मोकळं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वाईट वाटलं, आणि थोडंथोडकं नव्हे. फाईल आता तिसऱ्यांदाही तशीच परत येईल, आणि कॉलेजचा निरोपाचा हार गळ्यात पडेल तेव्हाही तो सहयोगीच असेल. संयोगितानं त्याच्यापुढं गार झालेला चहा ठेवला, पुन्हा उचलला, आणि गरम करायला आत नेला.

वर्षाराणीचा मेल गेला. जोया गॅलरीत जाऊन घरी फोन लावायला लागली. "अम्मी, अब्बाकू दे," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला, शेडमधल्या मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाशी बोलावं लागतं तेवढा. "अब्बा! वो गुडवाला काम नैं था? उसमें मेरा नाम डाले! हां, तुमारा भी है! बीच में! पूरा!"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. जोया गोंधळली. फोनवर हात ठेवून ती आत वळली.

"अब्बा विचारतायत, कितवं नाव आहे?"

वर्षाराणी उत्तर द्यायला गेली, पण विश्वजितनं तिच्याआधी तोंड उघडलं.

"दुसरं," तो म्हणाला. "चांगली जागा आहे, सांग त्यांना. मघाशी मी स्वतः बसून बघितलीय."